अगरवुड, चंदन, नरक्या: लावू का, विकू का?

जमीन शहापूर-मुरबाडकडे आणि पोटापाण्याला मुंबईत, अशा बऱ्याच जणांचा सध्या एकच प्रश्न येतोय की साहेब, टिश्यू कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांचं, चंदन नि अगरवुड लावलं तर सात वर्षांत करोडपती होतो म्हणतात, लावू का? आणि एका ताईंनी विचारलंय, बांधावरचा नरक्या, म्हणजे सह्याद्रीतलं ते औषधी झाड, व्यापारी मुळासकट मागतोय, देऊ का.

ताई, आधी तुमचं. अजिबात देऊ नका. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, आणि ते मुळांमध्ये जास्त मिळतं म्हणून तो मूळ मागतोय. सह्याद्रीतला नरक्या असाच उपटून उपटून कमी झालाय, बघून जीव तुटतो. हे रसायन १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांच्या टीमनं, वाणी जन्मानं नंदुरबारचे, शिक्षण मुंबई युनिव्हर्सिटीत. याच जोडीनं नंतर यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध शोधलं, तेव्हा सालीसाठी झाडंच्या झाडं जायची, आता त्या झाडाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून तेच औषध बनवता येतं. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीसुद्धा लॅबमध्ये कॅम्प्टोथेसिन तयार करते असं आपल्या संशोधकांनी दाखवलंय. म्हणून झाड राखा, बी धरा, रोपं करा.

आता अगरवुड. मोहम्मद अली रोडला अत्तरवाल्याकडे ऊदाचा भाव ऐकून डोळे फिरतात हे मान्य, पण निरोगी अगरचं लाकूड पांढरं, हलकं, त्याला काडीचा वास नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला राळ सोडतं, ती राळ म्हणजे ऊद. बुरशीचं इंजेक्शन देऊन हे मुद्दाम घडवतात पण किती राळ धरेल, कसल्या दर्जाची, याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही आणि मूळ झाड आसामकडच्या दमट जंगलातलं. रोपवाला बायबॅकचा, म्हणजे माल आम्हीच परत विकत घेऊ असा, कागद दाखवेल, त्याला एवढंच विचारा की आजवर कुणाचा माल उचलला, त्या शेतकऱ्याचा फोन द्या.

चंदनाचं तसं नाही, ते आपल्याकडे येतं. फक्त टिश्यू कल्चर म्हणजे चांगल्या झाडाची हुबेहूब रोपं, वाढीचा शॉर्टकट नव्हे. तेल गाभ्यात असतं आणि गाभा धरायला १५-२० वर्षं जातात, शिवाय चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळातून अन्नपाणी ओढतं, म्हणून सुरुवातीला शेजारी तूर आणि पुढे करंजासारखं कायमचं झाड हवंच. चोरीचा धोका वेगळाच, मुंबईत राहून राखण होत नाही दादा.

लवकर पैसा हवा असेल तर टिश्यू कल्चरचा बांबू बघा, चार-पाच वर्षांत तोड सुरू होते आणि २०१७ च्या कायदा दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरत नाहीत. चंदनच लावायचं ठरलं तर लावल्या लावल्या तलाठ्याकडून सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, कारण तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि तेव्हा ते आधी सातबाराच मागतात.