लग्न झालं नाही म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: ताई, मी ३७ वर्षांची, नगरला नर्स आहे. रविवारी चर्चमधली उपासना संपली की मंडळीतल्या मावश्या हमखास विचारतात, काय गं, जमलं का कुठं? आईची रोजची प्रार्थनाही तीच. मी खरंतर समाधानी आहे, पण मग वाटतं माझ्या विश्वासातच काही कमी आहे का?

उत्तर: अगं, अजिबात नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७ वा अध्याय काढून वाच, ते लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बायकोशिवाय राहत होता आणि लग्न काय किंवा एकटं राहणं काय, ज्याला त्याला देवाकडून मिळालेलं दान आहे असंच तो सांगतो, पण आपल्याकडे यावर कधी नीट बोललंच जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा बघ, लग्न केलं नाही, निराधार बायकांसाठी आईनं काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये तिच्या खांद्याला खांदा लावून राबली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. तिचं आयुष्य अर्धवट होतं असं कोण म्हणेल?

एकटेपणा मात्र येतो, तो लपवू नकोस. नाईट करून आलीस, ताप भरलाय आणि चहा द्यायला कुणी नाही, अशा वेळी हक्कानं फोन करता येईल अशी दोन-तीन घरं आत्ताच जोडून ठेव. नाताळला कुणी बोलवायची वाट बघू नकोस, तूच करंज्या करायला मंडळीतल्या पोरींना घरी बोलव. आणि आईला सांग, माझ्यासाठी प्रार्थना कर गं, पण एकदा आभाराचीही कर. पुढे कधी लग्न करावंसं वाटलं तर जरूर कर, त्यातही काही चूक नाही.