पॉट्स असेल तर व्यायाम आडवं पडूनच सुरू कर

अगं, फिरायला जायची घाई नको. कोविडनंतर मी तीच केली आणि भाजीवाल्यासमोर पिशवीसकट खाली बसले. पॉट्स (POTS) म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा आजार. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्तच ठोक्यांनी वाढते, तो आळस नव्हे; रक्त पायांत साठतं, म्हणून हृदय धावतं. (घरच्यांना ऑक्सिमीटर लावून दाखव, टोमणे थांबतात.)

सकाळी पलंगावरच दोन पेले पाणी पी, पंजे वरखाली हलव, मग बस, मग उभी राहा. व्यायाम म्हणजे पडल्यापडल्या पाय उचलणं, पाच मिनिटं, बास! दुसऱ्या दिवशी अंग गळालं तर निम्मा कर. कढत पाण्याची आंघोळ टाळ. जास्तीचं मीठ डॉक्टरांना विचारूनच. पोळ्या मी अजून खुर्चीत बसूनच लाटते.