बॅगा आजच माळ्यावरून काढा

«ताई, आम्ही दोघंच कोथरूडला राहतो. लेक न्यू जर्सीत आहे, डिसेंबरअखेरीस तिचं बाळंतपण. ८ डिसेंबरचं विमान आहे, दहा आठवडे राहायचं ठरलंय. प्रश्न आमच्या गुंड्याचा आहे. २०१९ च्या पावसाळ्यात लेकीनेच पार्किंगमधून उचलून आणलेला गावठी कुत्रा. आम्ही तासभर बाहेर गेलो तरी रडून सोसायटी डोक्यावर घेतो, दार खरवडतो, दारातच शू करतो. गणपतीत गावी गेलो तेव्हा त्याला पाच दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवलं. तीन दिवस जेवला नाही, घरी आला तो आवाज बसलेला. हे म्हणतात, 'कुत्रं आहे, होईल सवय.' वन्सं येऊन राहतील. त्या आल्या की गुंड्या त्यांच्या पायाशीच पडून असतो. पण एवढे दिवस? शेजारचे म्हणतात झोपेची अर्धी गोळी द्या. मला वाटतं, मी जाऊच नये. नाव छापू नका.»

लेकीचं बाळंतपण आहे. जा. पहिलटकरणीला त्या दहा आठवड्यांत आई लागते, आणि गुंड्याची सोय होण्यासारखी आहे.

तुम्ही पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाता जाता लिहून टाकलीत: वन्सं आल्या की तो त्यांच्या पायाशी पडून असतो. एकटं राहण्याची भीती आणि एका विशिष्ट माणसावाचून न करमणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. बरीच कुत्री एकटेपणाला घाबरतात, घरात ओळखीचं माणूस असलं की त्यांचं भागतं. गुंड्या तसा असेल तर त्याला दहा आठवडे एकटं राहायला शिकवायचं नाहीच आहे. त्याला वन्संबरोबर राहायला शिकवायचंय, ते पुष्कळच सोपं.

हे तपासायचं कसं? या शनिवारी वन्संना चहाला बोलवा. मोबाइल शोकेसवर टेकवून रेकॉर्डिंग चालू करा आणि तुम्ही दोघं चपला घालून निघा. कोपऱ्यापर्यंत जा, भाजी घ्या, अर्ध्या तासाने या. मग व्हिडिओ पाहा. दोन-चार मिनिटं दाराशी घुटमळून तो वन्संच्या पायाशी आला असेल तर निम्मी काळजी मिटली. त्या शेजारी असूनही जीभ बाहेर काढून धापा टाकतोय, लाळ गळतेय, दार खरवडतोय असं दिसलं, तर त्याची गाठ तुमच्याशीच आहे आणि काम जास्त आहे. दोन्ही बाबतींत तो व्हिडिओ जपून ठेवा, पशुवैद्याला दाखवायला लागेल.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की बोर्डिंगमध्ये चौथ्या दिवशी तो जेवला ती सवय नव्हे. तो दमला होता. भुंकून भुंकून आवाज बसेपर्यंत जे घडलं त्यातून तो शिकला असेल तर एवढंच, की ही माणसं बॅगा भरतात तेव्हा वाईट होतं. दारातली शूसुद्धा रागाने किंवा सूड म्हणून नसते. घाबरलेल्या जिवाचा ताबा सुटतो. आल्यावर ओरडू नका, पुसून टाका.

म्हणून बॅगा आजच माळ्यावरून काढा. हॉलमध्ये उघड्या पडू देत. त्याचं अंथरूण शेजारी टाका, बॅगेत एखादं बिस्कीट टाकून ठेवा, तो तोंड घालून शोधेल. दोन महिने समोर पडलेल्या बॅगेची कुणाला भीती वाटत नाही. किल्ल्यांचंही तेच. दिवसातून पाच-सहा वेळा किल्ली उचला, खुळखुळवा आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसा. बाहेरची साडी नेसा आणि भाजी निवडा. यजमानांना बूट घालून पेपर वाचायला बसवा. शेजारच्यांना वेडेपणा वाटेल, वाटू दे.

मग दार. वन्सं घरात असल्या तरी हे करायला हवं, कारण त्यांनाही दुधाला, दवाखान्यात, देवळात जायचंच आहे. तासभर एकटं राहणं गुंड्याला जमलं पाहिजे. बाहेर जा, दार ओढा, मनात पाच आकडे मोजा, आत या. तो जागचा उठला नाही? मग दहा. मग तीस. रोज वाढवत नेलंच पाहिजे असं नाही, मधेच एखादी फेरी मुद्दाम छोटी ठेवा. एकच नियम पाळा: तो रडायला लागायच्या आत परत यायचं. रडला याचा अर्थ तुम्ही घाई केलीत, उद्या मागच्या आकड्यावर या. हे कंटाळवाणं काम आहे, आणि पहिले दोन आठवडे काहीच होत नाही असं वाटेल. या काळात खरोखर बाहेर जायचं असेल तर एकाने घरी थांबा, नाहीतर सकाळी मिळवलेलं संध्याकाळी जाईल. मध्ये दिवाळी आहे. फटाक्यांच्या चार-पाच दिवसांत हा सराव बंद, पडदे ओढून त्याच्याजवळ बसा.

निघताना त्याला चाटायला काहीतरी द्या. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरायचा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. वीस-पंचवीस मिनिटं जीभ त्यात गुंतते, आणि चाटण्याने कुत्री निवतात. त्याने त्याला तोंडही लावलं नाही तर समजा, तो आधीच घाबरलेला आहे.

गोळीचं ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. माणसांच्या डब्यातली गोळी, अर्धी नाही, पावही नाही. काही गुंगीच्या औषधांनी अंग लुळं पडतं, भीती मात्र आत तशीच राहते. पाहणाऱ्याला वाटतं, शांत झाला. पण औषधच नको असं मी म्हणत नाही. या त्रासावर फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी औषधं पशुवैद्य देतात. त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हिशेब करा: ऑक्टोबरचा पहिला आठवडा सुरू आहे. व्हिडिओ घेऊन याच आठवड्यात गेलात तर निघेपर्यंत अंदाज येईल, डोस कमीजास्त करायलाही वेळ मिळेल. नोव्हेंबरअखेरीस गेलात तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरणार नाही. त्याच फेरीत रेबीजचं इंजेक्शन, बाकीच्या लसी आणि गोचिडांचं औषध उरकून घ्या.

आता वन्सं. त्यांना नीट विचारलंय का, की 'येऊन राहतील' हे तुमच्या दोघांत परस्पर ठरलंय? दहा आठवडे म्हणजे सत्तर सकाळी खाली उतरणं, तेही ओढणाऱ्या कुत्र्याबरोबर. गुडघे दुखत असतील तर फिरवायला पगारी मुलगा ठेवा. तोही आत्तापासून, म्हणजे ८ डिसेंबरला दारात अनोळखी माणूस उभा राहणार नाही. वन्सं हो म्हणाल्या तर दर शनिवार-रविवार त्यांना मुक्कामाला बोलवा आणि त्या दोन दिवसांत गुंड्याला जेवण त्यांच्याच हातून मिळू दे. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा, जीव तुटला तरी. नोव्हेंबरात एक रात्र, मग दोन, मग चार रात्री तुम्ही कुणा नातेवाइकांकडे झोपायला जा. पहिल्या रात्रीचं जेवण त्याने टाकलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही टाकलं तर मात्र पुन्हा एका रात्रीवर या.

वन्संना प्रेम ताटातून दाखवायची सवय असेल (आपल्याकडे कुणाला नसते?), तर फ्रीजवर कागद चिकटवा: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही. त्याच कागदावर डॉक्टरांचा नंबर लिहा. आणि पैशांचं आधीच बोलून ठेवा, काही झालं तर उपचाराचा निर्णय वन्संनी घ्यायचा, तुम्हाला विचारत बसायचं नाही. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते. इथे सकाळी दहाला गुंड्या आजारी पडला तर तुम्ही तिथे गाढ झोपेत असाल.

व्हिडिओ कॉल करू नका. ही चूक मी केलेली आहे. आमची कुत्री भावाकडे ठेवली होती आणि दुसऱ्याच दिवशी मला राहवेना. माझा आवाज आला तशी ती उठली, फोनच्या मागे जाऊन पाहिलं, कपाटामागे पाहिलं, आणि नंतर रात्रभर दाराच्या फटीला नाक लावून बसली. भाऊ दुसऱ्या दिवशी मला जे बोलला ते इथे छापता येणार नाही. फोटो मागवा, त्याचा आवाजरहित व्हिडिओ मागवा, पण तुमचा आवाज त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. तुमची एखादी वापरलेली, न धुतलेली सुती साडी त्याच्या अंथरुणावर टाकून जायला हरकत नाही. चमत्कार होणार नाही, थोडा आधार होईल.

निघायच्या दिवशी गळ्यात पडून रडायचं नाही. पाठीवरून हात फिरवा, नेहमीच्या आवाजात 'येते रे' म्हणा, बस. गाडी यायच्या आधी वन्सं त्याला रोजच्या फेरीला नेऊ देत. परतल्यावर घर तेच, अंथरूण तेच, जेवण वन्संच्या हातचं, आणि अशा चार रात्री त्याने आधी काढलेल्या असतील.

फेब्रुवारीत तुम्ही आलात की एकदम वन्संना रिक्षात बसवून देऊ नका. तोवर त्याला त्यांची सवय लागलेली असेल, चार दिवस त्यांना ठेवून घ्या.

आणि शनिवारचा व्हिडिओ पाहिलात की कळवा, तो कितव्या मिनिटाला दारापासून हलला.

— ताई