सुई टोचताना हाताला काय कळतं?

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: "मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे, लेथवर काम करतो. मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला; विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी. एका प्रदर्शनात डमी पाठीत सुई टोचायचं यंत्र बघून आली. 'डॉक्टर व्हायचं नाही, हे यंत्र बनवायचंय' म्हणते. यात पोटापाण्याचं काही आहे का? ब्रँच कोणती घ्यावी?"

नमस्कार. ड्रिल आरपार निघतं त्या क्षणी हँडल हलकं पडतं, हे तुम्हाला न बघता कळतं ना? एपिड्युरल, म्हणजे पाठीत सुई टोचून भूल देणारे डॉक्टर तेच शोधत असतात. कण्याजवळचा चिवट पडदा पार झाला की सिरिंजचा दट्ट्या एकदम सैल पडतो. तिथून जरा पुढे गेलं की पंचाईत. ही समज पेशंटच्या जिवावर येऊ नये म्हणून आधी यंत्रावर सराव करायचा; त्यातली मोटर हाताला उलटा जोर देते. याला हॅप्टिक्स म्हणतात.

डोळ्यांना सेकंदाला ३०-६० चित्रं पुरतात. हाताला मात्र सेकंदाला हजारेक वेळा जोर मोजून द्यावा लागतो, नाहीतर हाड स्पंजासारखं लागतं किंवा हँडल थरथरतं. त्यात प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा राहिला तर सगळं मुसळ केरात. म्हणून कित्येक यंत्रांत गिअरऐवजी कप्पीवर पोलादी तार असते. प्ले म्हणजे काय ते तुमच्या लेकीला घरातच शिकायला मिळेल.

म्हणूनच माझं मत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. कंट्रोल सिस्टिम्स हा विषय आणि सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करावी. बायोमेडिकल पुढे एम.टेक.ला घेता येतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत त्याचा पेपर २०२० पासून आहे. आयआयटी मद्रासमध्ये तर स्पर्शावरच काम करणारी प्रयोगशाळा आहे.

नोकरीचं खरं सांगतो. मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर-यंत्रांवर सराव करायची खोली सक्तीची झाली, पण तिथे बरेचसे रबरी पुतळेच असतात. बेळगावात या कामाच्या जागा मिळणं कठीण, बेंगळूर-चेन्नई-पुण्याची तयारी ठेवा. हे जमलं नाही तरी मोटर कंट्रोल शिकलेली पोरगी रोबोटिक्समध्ये उपाशी राहत नाही. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोला अमेरिकेत २००० साली मंजुरी मिळाली, पण हाताला जोर जाणवणारं मॉडेल यायला २०२४ उजाडलं. काम अजून पुष्कळ बाकी आहे.

इंजिनिअरिंगच्या रँकला बायॉलॉजी धरत नाहीत. गणितावर भर द्या. पहिली ते दहावी गावच्या शाळेत झाली असेल तर सीईटीच्या ग्रामीण कोट्याचं प्रमाणपत्र आत्ताच काढा, नंतर रांगा लागतात. आणि एखाद्या रविवारी तिला वर्कशॉपमध्ये न्या. कानस हातात द्या, डोळे मिटायला लावा, पितळ कुठलं नि लोखंड कुठलं ते विचारा.