पवईला पाणकावळा बघताना

पाणकावळ्याने बुडी मारली की दुर्बीण त्याच जागेवर धरून बसू नका. तो आत पोहत जातो आणि बऱ्याचदा भलतीकडेच वर येतो. दुर्बीण खाली घ्या, नुसत्या डोळ्यांनी आजूबाजूचं पाणी बघत मनात आकडे मोजा. छोटा पाणकावळा सहसा अर्ध्या मिनिटाच्या आत वर येतो.

पाण्यात तो पंख मारत नाही. पंख अंगाशी मिटलेले, सगळा जोर पडदे असलेल्या पायांचा. त्याची बाहेरची पिसं भिजतात, त्यामुळे अंगात हवा कमी अडकते आणि बुडायला सोपं जातं. मग वर येऊन पंख पसरून वाळवत बसणं आलंच.

तिरंदाज या दुसऱ्या पाणपक्ष्याशी गल्लत हमखास होते. पाण्याबाहेर फक्त सापासारखी मान दिसली तर तो तिरंदाज. पाणकावळा आकडेदार चोचीने मासा पकडतो. तिरंदाज मान आखडून चोच भाल्यासारखी खुपसतो. वर आल्यावर मासा झटकून सोडवतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. नाहीतर चिलापी माशाचे काटे उलटे घशात अडकतील ना! हा क्षण मात्र दुर्बिणीतूनच बघा.

खंड्या यांच्यात मोजू नका, तो वरून झेप घेतो, पाण्याखाली माशाचा पाठलाग करत नाही.