स्टेशनचा इतिहास लिहितेयस ना, मग आधी टाइमटेबल शोध

अगं, तुझा मेसेज वाचला, सोबतची फाइल पण वाचली. उत्तराला उशीर झाला, सॉरी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस स्क्रीन बघायची नाही म्हणून लेकाने फोनच काढून घेतला होता.

मेलबर्नच्या एथनिक रेडिओचा, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांच्या भाषांतल्या रेडिओचा, इतिहास तू लिहायला घेतलास याचा आनंद किती झाला ते भेटल्यावर सांगेन, पण पहिलं पान वाचून मी कपाळाला हात लावला बघ. "बहुसांस्कृतिकतेच्या स्वप्नातून जन्मलेलं" वगैरे. स्वप्नबिप्न होतं थोड्याफार लोकांचं, नाही म्हणत नाही, पण त्या वेळी सरकारला घाई होती ती एका योजनेची माहिती पोचवायची. १ जुलै १९७५ पासून मेडिबँक ही सरकारी आरोग्य योजना सुरू होणार होती, पंतप्रधान व्हिटलमचं लेबर सरकार होतं, आणि कारखान्यांत राबणाऱ्या इटालियन, ग्रीक, तुर्की, अरबी बोलणाऱ्या माणसांना इंग्रजी पत्रकं वाटून काय उपयोग. म्हणून जूनमध्ये धावतपळत सिडनीत ९ तारखेला २ईए आणि इथे मेलबर्नमध्ये २३ तारखेला ३ईए सुरू झालं. तिकडे सात भाषा, इकडे आठ. नावातला २ म्हणजे न्यू साउथ वेल्स, ३ म्हणजे व्हिक्टोरिया आणि ईए म्हणजे एथनिक ऑस्ट्रेलिया, हे एका ओळीत सांगून टाक, वाचणाऱ्याला शोधायला लावू नकोस. आणि मुख्य म्हणजे हा तीन महिन्यांचा प्रयोग होता. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा घरचाच होऊन बसतो ना, तसं झालं. मला तरी हेच जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

अल ग्रासबीवर तू अख्खं पान घालवलंयस. माणूस महत्त्वाचा होता, इमिग्रेशन मंत्री म्हणून त्याने १९७३ मध्ये बहुसांस्कृतिक समाजाची भाषा सुरू केली, १९७४ ला स्वतःची सीट हरला तरी या रेडिओच्या मागे उभा राहिला, सगळं खरं. पण त्याचे भडक टाय आणि सूट यावर दोन परिच्छेद कशाला? ती जागा आधीच्या काळाला दे, तो तू पूर्ण सोडलायस. त्या आधी कमर्शियल स्टेशनवर परदेशी भाषांना एकूण वेळेच्या अडीच टक्केच परवानगी होती, आणि वर जे बोललं ते इंग्रजीतही सांगा. म्हणजे स्वतःच्या आईशी बोलताना शेजाऱ्याला भाषांतर करून दाखवायचं. हा नियम सत्तरच्या दशकात गेला तेव्हा कुठे दार उघडलं. आपल्या भाषा सुरुवातीला का नाहीत हेही तिथेच येतं, फक्त गोऱ्यांनाच घ्यायचं हे धोरण १९७३ मध्ये पूर्ण संपलं, तोपर्यंत आपण इथे होतोच किती.

३झेडझेडला तू एक ओळ दिलीस. एक! एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने मे १९७५ मध्ये मेलबर्नमध्ये चालू केलेलं ते ॲक्सेस स्टेशन, म्हणजे ज्याला बोलायचंय त्याने यावं आणि बोलावं, वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक आपापल्या भाषेत बोलायचे, युनियनवाले यायचे, राजकारणही असायचं. व्हिटलमनंतर आलेल्या फ्रेझरच्या लिबरल सरकारने जुलै १९७७ मध्ये ते बंद केलं, लोकांनी आरडाओरडा केला तरी. आणि मग १ जानेवारी १९७८ पासून एसबीएस ही अनेक भाषांसाठीची सरकारी प्रसारण संस्था आली, २ईए आणि ३ईए त्याच्याकडे गेले. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघ. दोन्हीकडे भाषा भरपूर, पण एका ठिकाणी माइक कोणाच्या हातात द्यायचा ते लोक ठरवत होते आणि दुसऱ्या ठिकाणी सरकारने नेमलेली संस्था. मी ३झेडझेडच्या बाजूची आहे हे तुला कळेलच, तू तुझं मत तुझं बनव. १९८९ ला मेलबर्नमध्येच ३झेडझेडझेड हे लोकांनी चालवलेलं कम्युनिटी स्टेशन सुरू झालं तेव्हा नावात एक झेड जास्त आला तो उगाच नाही आला, एवढं लक्षात ठेव.

आता मुद्द्याचं. तुझ्या आराखड्यात मंत्री आहेत, कायदे आहेत, उद्घाटनं आहेत. टाइमटेबल कुठंय? अशा स्टेशनचा खरा इतिहास म्हणजे कोणाला किती मिनिटं मिळाली आणि ती कोणाच्या वाटची काढून मिळाली. गावाकडे भावकीत बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात ना, तसंच अर्ध्या तासावरून इथे होतं, आणि तेवढ्याच पोटतिडकीने. युगोस्लाव्हियाचं बघ. देश एक म्हणून भाषेचं नाव एक, आणि क्रोएशियन माणूस म्हणतो ही माझी भाषाच नाही. आज एसबीएसवर क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, मॅसेडोनियन सगळे वेगवेगळे आहेत. नकाशा बदलला तसा टाइमटेबल बदलला, काही ठिकाणी तर टाइमटेबलवरचं भांडण नकाशाच्या आधीचं. प्रत्येक दशकाचं एक जुनं वेळापत्रक मिळवायचा प्रयत्न कर आणि ती शेजारी शेजारी भिंतीवर चिकटव, मग लिहायला बस.

आपल्याकडचंही सांगते. मी नव्वदच्या दशकात ज्या स्टेशनवर होते तिथे "इंडियन" म्हणून एकच स्लॉट, पंचेचाळीस मिनिटं, त्यात हिंदी, गुजराती, मराठी सगळे बसवायचे. मला महिन्यातून दोनदा पंधरा मिनिटं मिळायची. स्टेशन कोणतं ते इथे लिहीत नाही, त्यांच्या कमिटीशी माझं जे वाजलं ते माझ्याजवळच राहू दे. पण एक फजिती माझी स्वतःची आहे ती घे. एकदा ऑफिसच्या गडबडीत स्क्रिप्टच लिहिली नाही, म्हटलं कोणाला कळतंय, लागोपाठ तीन गाणी लावली आणि नमस्कार करून बाहेर पडले. स्टुडिओत फोन वाजला, एक आजोबा होते. म्हणाले, बाई, गाणी माझ्याकडे कॅसेटमध्ये आहेत, तू बोलशील म्हणून मी आंघोळ लवकर उरकून बसलो होतो. काय उत्तर देणार? तेव्हापासून बोलण्याशिवाय एकही कार्यक्रम केला नाही, हवापाणी का असेना, डाळीचा भाव का असेना.

म्हणून सांगतेय, फक्त बोलणाऱ्यांच्या मुलाखती घेऊ नकोस, त्या सोप्या असतात, आम्हाला बोलायची हौसच असते. ऐकणारे शोध. पॅनल ऑपरेट करणारे शोध, ज्यांना भाषेतला एक शब्द कळत नव्हता आणि तरी गाणं कुठे संपतं ते बरोबर कळायचं. मुलाखतीला गेलीस की "कसं वाटायचं" असलं विचारू नकोस, "स्टुडिओत कसे पोचायचात, ट्रामने की कोणाच्या गाडीने" असं विचार, मग बघ माणूस कसा सुटतो.

पैशाचंही लिही, तुम्ही तरुण मंडळी ते टाळता. कम्युनिटी स्टेशनला जाहिरात चालत नाही, स्पॉन्सरशिप चालते, तीही तासाला पाच मिनिटंच. बाकी मेंबरशिप, वर्गणी, ग्रँट. किराणावाला आणि ट्रॅव्हल एजंट नसते तर अर्धे कार्यक्रम कधीच बंद पडले असते. आणि १९८६ ला हॉकच्या लेबर सरकारने एसबीएस एबीसीत विलीन करायचं काढलं होतं, विरोध इतका झाला की शेवटी सोडून द्यावं लागलं, ते प्रकरण नक्की घे, कारण तोवर या सगळ्या समाजांना मतं आहेत हे दोन्ही पक्षांना समजलेलं होतं.

मराठी कार्यक्रमासाठी अर्ज करायचा म्हणालीस. कर, पण रडगाणं नको, आकडे ने. जनगणनेत घरी कुठली भाषा बोलता हा प्रश्न असतो आणि एसबीएस भाषा निवडताना तो आकडाही बघतं. मी स्वतः पाहिलंय, घरी पक्कं मराठी बोलणारे फॉर्मवर इंग्लिश नाहीतर हिंदी लिहून मोकळे होतात. ऑगस्ट २०२६ ला पुढची जनगणना आहे, मराठी मंडळाच्या गणपतीची वाट बघू नकोस, त्याच्या आधीच हे सगळ्यांच्या कानावर घाल, गणपतीपर्यंत फॉर्म गेलेले असतील.

रविवारी ये घरी. गॅरेजमध्ये बुटाच्या खोक्यात माझ्या वीसेक कॅसेट आहेत, लेबलं पुसली गेलीयत त्यामुळे कुठल्यात काय ते ऐकूनच कळेल. डेकचा बेल्ट गेलाय, कोणाकडे चालू प्लेयर असेल तर घेऊन ये. जेवायलाच थांब.