गणपतराव देशमुख अकरा वेळा कसे निवडून आले?

प्रश्न दोन आहेत. शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) आटत चाललेल्या पक्षाचा माणूस सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून अकरा वेळा आमदार कसा झाला, आणि हा देशातला विक्रम आहे का?

विक्रमाचं आधी उरकतो. देशातला नाही. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा जिंकले. करुणानिधीही १३ वेळा आमदार, पण मतदारसंघ बदलत बदलत. महाराष्ट्रापुरता मात्र आबासाहेबांचा, म्हणजे गणपतरावांचा, विक्रम खरा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्यांना तेवढ्याने भागत नाही, हा भाग वेगळा.

आता मूळ प्रश्न. "एसटीने फिरायचे, साधे राहायचे, म्हणून लोक निवडून द्यायचे" हे उत्तर सगळीकडे मिळतं. साधेपणा खरा होता, त्यावर वाद नाही. पण साधी राहणारी माणसं महाराष्ट्रात ढिगाने पडली आहेत. साधेपणावर एखादी निवडणूक निघते, अकरा निघत नाहीत. शिवाय आबासाहेबही पडलेच होते. १९६२ आणि १९६७ ला जिंकले, १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, ८०, ८५, ९० असे सलग चार विजय, आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी पाडलं. ("काय झाडी, काय डोंगार"वाले हेच ते बापू. लोकांना ते २०२२ मध्ये कळले, सांगोल्याला त्याआधी पंचवीस-तीस वर्षं माहीत होते.) पुन्हा १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग चार वेळा आबासाहेब.

माझ्या मते उत्तर तालुक्याच्या कोरडेपणात आहे. शेजारच्या माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात आमदारकीचा रस्ता साखर कारखान्यातून जातो. तुमच्या उसाला तोड कधी मिळणार आणि बिल कधी जमा होणार हे ज्याच्या हातात, मतंही त्याच्याकडे. सांगोल्यात ज्वारी, बाजरी, मेंढरं आणि टँकर. इथल्या माणसाचा पुढाऱ्याशी संबंध यायचा तो रोजगार हमीचं काम, जनावरांची छावणी आणि कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) यांच्यापुरता. या तिन्ही गोष्टी सरकारी फायलीतून सुटतात, आणि पेशाने वकील असलेल्या या माणसाला फाईल वाचता यायची.

छोट्या पक्षाच्या आमदाराला सभागृहात भाषणाला फार वेळ मिळत नाही. पक्षाच्या संख्येवर मिनिटं ठरतात. त्याच्या हातात उरतात ती वैयक्तिक आयुधं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना. आवर्तन सांगोल्यापर्यंत का पोचलं नाही, एवढाच नेमका प्रश्न लेखी विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी खालपासून माहिती मागवावी लागते. म्हणजे शाखा अभियंत्याला कागद लिहावाच लागतो. तालुक्यात पाणी हलतं ते बऱ्याचदा या कागदामुळे. नीरा उजव्या कालव्याचं शेवटचं टोक सांगोल्यात येतं. वरचे लोक उसाला पाणी ओढणार आणि टेलला राहणारा वाट बघत बसणार, हे तिथलं जुनं दुखणं. त्या टेलच्या माणसासाठी भांडणारा आमदार त्याला लांबचा वाटत नाही.

दुसरं, सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस नावाला, तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी करायची, कापूस बाहेरून आणायचा आणि पोरांना कामाला लावायचं. राज्यातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या बंद पडल्या, ही चालत राहिली. कारखान्याची जागा इथे गिरणीने घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

डाळिंबाचं श्रेय मात्र सरसकट त्यांना देऊ नये. १९९० मध्ये शरद पवारांच्या सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. लागवडीचा खर्च सरकार देणार म्हटल्यावर हलक्या माळरानावर आधी गणेश, मग भगवा जातीचं डाळिंब उभं राहिलं. पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा बसवल्या, तो वेगळा विषय.

जातीचं गणित होतं का? होतंच. तालुक्यात धनगर समाज मोठा आणि आबासाहेब त्याच समाजाचे. पण एका समाजावर सांगोला निघत नाही. मराठा समाजातला एक गट सोबत लागतोच, आणि नंतरच्या काळात राष्ट्रवादीच्या स्थानिक दीपक साळुंखे गटाची साथ त्यांना झाली. लाल बावट्याचं नाव घेत व्यवहारही सांभाळणारा हा नेता होता. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री, आणि २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला तेव्हा बाहेर. विरोधी पक्षनेतेपदही काही काळ त्यांच्याकडे होतं.

"पन्नास वर्षं आमदार, तरी तालुका कोरडाच" ही टीका निम्मी बरोबर आहे. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यायला फार वर्षं गेली. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी त्यांनी लावून धरली, पण उपसा योजनांना पैसा मुंबईतून लागतो आणि तो वाटणाऱ्यांत शेकाप क्वचितच होता. पक्ष न बदलण्याचं कौतुक करताना ही किंमत मतदाराने मोजली, हेही लिहायला हवं. आणखी एक: तालुका त्यांनी राखला, पण सोलापूर जिल्ह्यात पक्ष वाढवला नाही.

२०१९ ला वयामुळे ते थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच सुमारे २५ हजारांनी निवडून आले. अनेकांनी ही आबांची पुण्याई मानली. मला त्यात तिरंगी लढत जास्त दिसते: दीपक साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन वेगळे उभे होते आणि त्यांनी घेतलेली मतं देशमुखांच्या आघाडीच्या जवळपास दुप्पट होती. बापूंशी सरळ सामना झाला असता, तर निकाल मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो.